रायवळ

टेस्कोचं पिवळं लेबल, चौतीस पेन्स,
एका अंगाला काळा पडलेला ॲव्होकाडो.
रात्रपाळीहून येताना घेतला, पावाला लावून खाल्ला
आणि हातात उरली ती.

तिला म्हणायचं काय, तिथेच अडलं.
कोय म्हणावी तर चपटी नाही, केसाळ नाही.
आठळी म्हणावी तर मूठ भरेल अशी आठळी कुणी पाहिलीय?
चिंचोका तर नव्हेच. आणि बी हा शब्द
एवढ्या ऐवजाला फारच तोकडा.
या जिन्यावर मराठी बोलणारी मी एकटी,
म्हणजे मतभेदाचा प्रश्न नव्हता,
तरी कितीतरी दिवस मी तिला नुसती 'ती' म्हणत होते.

तीन टूथपिक टोचल्या, जॅमच्या बरणीवर बसवली,
बूड पाण्यात, डोकं वर,
डंडीतल्या त्या खिडकीत, जिच्यातून टे नदी दिसते
आणि नदीत बहुतेक दिवस नुसतं आभाळ साचलेलं असतं.

पहिला आठवडा काही नाही.
दुसरा, तिसरा. पाणी बदललं, शेवाळ घासलं.
पाचव्यात घरमालकाचा माणूस भिंतीची ओल बघायला आला,
बरणीकडे बघून म्हणाला, हे पाळीव प्राण्यांत मोडत नाही ना?
मला वाटलं, विनोद. तो वहीत काहीतरी लिहून गेला.

सहाव्यात ती उकलली.
घट्ट सदरा शिवणीवर उसवावा तशी,
आणि आतून पांढरं मूळ,
लॅबमध्ये रोज काचेवर बघते
त्यातल्या कशाहीसारखं नसलेलं.

मोरेश्वरला फोटो पाठवला. देवरुखला त्याची कलमांची नर्सरी.
तो म्हणाला, तिकडे विकत मिळत नाही का?
पानं आल्यावर मात्र: उंची किती?
मग: वीतभर झालं की शेंडा खुड,
नाहीतर काठीसारखं वरच जाईल.

वीतभर झालं. दीड वीत झालं.
मी कात्री घ्यायचे आणि तिनं
कढीपत्त्याचं पाकीट कापायचे.
तांबूस कोवळी पानं, सगळी टोकाकडे. कोण खुडणार?

खालच्या मजल्यावरचे पेट्री, ऐंशी पार,
उभा जन्म तागाच्या गिरणीत.
गाठी कलकत्त्याहून यायच्या, म्हणून मीही त्यांच्या लेखी
कलकत्त्याचीच. दुरुस्त करणं मी सोडलंय.
एका रविवारी डबा परत द्यायला आले,
रोपाकडे पाहिलं, खिशातून चाकू काढला,
आणि मी चहा ओततेय तोवर
टक्.
आता अंग धरेल, म्हणाले, आणि साखर मागितली.

दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही.
त्यांना ते कळलंही नाही.
ना शेंडा ना बुडखा, म्हणतात आमच्याकडे.
शेंडा गेलेला. बुडखा बरणीत.
व्हिसाची तारीख मार्चची;
कुंडीचं मार्चनंतर बघू, असं मी रोज ठरवत होते.

मग एका पहाटे बूट काढताना दिसलं,
कापल्या जागेखाली, उरलेल्या पानाच्या बगलेत
दोन ठिपके. अजून धड हिरवेही नाहीत.

कुंडी घेतली. फॉर्म भरायच्या आधी.

पेट्री म्हणतात, इथे याला फळ धरायचं नाही.
मोरेश्वर म्हणतो, धरलं तरी आठ-दहा वर्षांनी,
आणि तू खाल्लास तसा तर निघणारच नाही.
कलम बांधायला हवं होतं. बीपासूनचं ते,
रायवळ आहे तुझं.

रायवळ.
कुणीतरी चोखून बांधावर भिरकावलेल्या कोयीचं झाड.
आंबट की गोड, दात लावेपर्यंत ठाऊक नाही.
शब्द सापडला तोवर 'ती' मातीखाली गेली होती.

पेट्रींना नाव सांगितलं.
त्यांनी दोनदा म्हणून पाहिलं, ळ काही वळेना.
रायव्हल? ते म्हणाले. कुणाचा?

मी कुंडी हीटरपासून थोडी लांब सरकवली.